हरिश्चंद्रगडाचा पत्ता

गडावर जायचं ठरलं की सोबत्यांना त्याची माहिती आधी वाचायला द्यावी, अशी माझी हौस. हरिश्चंद्रगडाचं मराठी विकिपीडियावरचं पान उघडलं की ब्राउझरच्या पट्टीत पत्त्याच्या शेवटी गडाचं नाव स्वच्छ देवनागरीत दिसतं. तोच पत्ता कॉपी करून पाठवला की नाव गायब, आणि त्या जागी टक्क्याची चिन्हं, रोमन अक्षरं आणि आकडे यांची लांबलचक माळ.

वेबच्या पत्त्यांचे नियम ठरले तेव्हा त्यांत इंग्रजी अक्षरं, आकडे आणि मोजकी चिन्हं एवढ्यांनाच जागा मिळाली. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत ३ बाइट घेतं आणि पत्त्यात एकेका बाइटला टक्क्याचं चिन्ह आणि दोन अक्षरं वा आकडे अशा ३ जागा लागतात. काना, वेलांटी, अनुस्वार, हलन्त हे सगळे वेगळे मोजायचे. ‘हरिश्चंद्रगड’मध्ये अशी १२ चिन्हं, म्हणून १०८ जागा. रोमनमध्ये हेच नाव १६ अक्षरांत मावतं.

लांबीचं यंत्राला काही नाही. पण माणूस दुवा उघडण्याआधी वाचतो. बँकेच्या नावाने येणाऱ्या फसव्या संदेशांनी सगळ्यांनाच ते शिकवलं आहे. आमच्यातले एक ज्येष्ठ, जन्मभर गड हिंडलेले, अशी माळ दिसली की फोन करतात, “हे तूच पाठवलंस ना रे?” त्यांचं काही चुकत नाही. आपल्या भाषेतलं साधं पान संशयास्पद दिसावं, याचं मला फार वाईट वाटतं.

संकेतस्थळाच्या नावाबाबत ब्राउझर सावध असतात, ते योग्यच आहे. इतर लिपींतली संकेतस्थळांची नावं रोमन अक्षरांत बसवणारा प्युनीकोड २००३ साली आला, पुढे २०१४ मध्ये नावाच्या शेवटी लावायचं ‘.भारत’ही आलं; पण रशियन लिपीतली काही अक्षरं रोमनसारखीच दिसतात आणि त्यांच्या आडून खोटं संकेतस्थळ उभं करता येतं. पानाच्या नावाला मात्र ही भीती नाही. आपण कुठे जाणार, हे त्याआधीच्या भागातच ठरलेलं असतं. तरीही कॉपी करताना नाव बदलतं, कारण काही जुन्या प्रणालींत देवनागरी अक्षर लागलं की दुवा तिथेच तुटतो.

दुवा आखूड करून देणाऱ्या सेवा मी टाळतो; त्यांत तर नावाचा मागमूसही उरत नाही. त्यापेक्षा वरच्या ओळीत गडाचं नाव आणि पानात काय आहे, ते लिहितो. नवं ॲप बनवणाऱ्या मराठी मुलामुलींकडे माझं मागणं एवढंच, की चाचणी घेताना एक देवनागरी पत्ता जरूर टाकून पाहा.