चढावरची सोबत

प्रवासाचा पहिला दिवस स्वभावाने थोडा खुशामतखोर असतो. पायांत रात्रभराच्या विश्रांतीची ताकद असते, चाकांत नुकतीच भरलेली हवा असते, आणि निरोप देण्यास आलेल्या मंडळींच्या कौतुकाचा कैफ अद्याप उतरलेला नसतो. तेव्हा लांबच्या सायकल-सफरीची खरी परीक्षा पुढच्या दिवसांत होते, असे पुष्कळजण मानतात. मला तसे वाटत नाही. एकत्र निघालेली माणसे हा नुसता जमाव आहे की ती एकमेकांची सोबती आहेत, याचा निवाडा पहिल्याच दिवशी, आणि बहुधा पहिल्याच मोठ्या चढावर होऊन जातो.

गेल्या पौषात आम्ही अकरा जण बेळगावहून पुण्यास सायकलींवर निघालो. चार दिवसांची सफर, पहिला मुक्काम निपाणी. बेळगाव ते निपाणी हे अंतर सुमारे पाऊणशे किलोमीटरचे. मोटारीला दीड तासाचे, सायकलीला एका दिवसाचे. आमच्यात बँकेतले दोघे-तिघे होते, एक दंतवैद्य होता, फोंड्याहून मुद्दाम आलेला एक कोंकणी औषधविक्रेता होता, आणि काळा कोट घरी खुंटीवर टांगून आलेला मी होतो. सर्वांत वडील ते टपालखात्यातून निवृत्त झालेले एक कन्नडभाषी गृहस्थ. त्यांना आम्ही सारे अज्जा म्हणत होतो. सर्वांत धाकटा शहापुरातला एक अभियांत्रिकीचा विद्यार्थी. सामानाचा टेम्पो मागून येत होता.

काकती धुक्यातच लागली. १८२४ साली कंपनी सरकारशी झुंजलेल्या कित्तूरच्या राणी चन्नम्मेचे हे माहेर. तेथून पुढे वंटमुरीचा घाट येतो. बेळगावाकडून जाणाऱ्याला हा घाट उतरावयाचा असतो, आणि उतार हा तर पहिल्या दिवसाच्या खुशामतखोरीचा मुकुटमणीच! आमचा विद्यार्थी जो सुटला, तो हत्तरगीपर्यंत दूरच्या ठिपक्याएवढाच दिसत होता. अज्जांचा वेग मात्र उतारावरही बदलला नाही. तीस-पस्तीस वर्षे पत्रे वाटीत हिंडलेल्या माणसाला वेगाचे आकर्षण ते काय उरणार! "घाई कशाला? निपाणी तिथंच असतंय की," एवढेच ते म्हणाले.

सपाट रस्त्यावर सायकलस्वाराचा खरा प्रतिपक्ष रस्ता नव्हे, वारा होय. वेग दुप्पट केला की हवेचा विरोध चौपट होतो. पण हाच वारा दहाजणांत वाटून घेता येतो. पुढच्याच्या मागे थोडे अंतर राखून चालणाऱ्याचे सुमारे पाव कष्ट वाचतात. म्हणून एकाने काही वेळ वारा छातीवर घ्यावा, दमला की बाजूस होऊन शेपटाला यावे, आणि दुसऱ्याने पुढे व्हावे, अशी रीत आहे. आम्ही दहाजण तो हिशेब चोख पाळीत, उसाने लादलेल्या ट्रॉल्यांना वाट देत, संथपणे चाललो होतो. अकरावा एकटाच पुढे सगळा वारा पीत होता.

दुपारी संकेश्वर आले. आंबोलीच्या डोंगरात उगम पावलेली हिरण्यकेशी येथे रुंद आणि शांत झालेली असते. शंकराचार्यांच्या मठासाठी आणि लाल मिरचीसाठी प्रसिद्ध असलेल्या या गावात आम्ही जेवलो. विद्यार्थी आमच्या आधी अर्धा तास पोहोचला होता. त्याने दोन घास खाल्ले आणि ताट सारले. अज्जांनी त्याच्याकडे एकदा पाहिले आणि आपल्या बाटलीत लिंबू पिळून मीठ घातले. बोलले काहीच नाहीत.

निपाणीच्या अलीकडे तवंदीचा डोंगर आडवा येतो. त्यावर स्तवनिधी हे जैनांचे जुने क्षेत्र आहे. चढ काही सह्याद्रीच्या कड्यासारखा नाही. पण साठ किलोमीटर झालेल्या पायांना त्याची उंची निराळी भासते. चढावर वेग मंदावला की वारा बाजूस होतो आणि त्याच्या जागी आपले स्वतःचे वजन उभे राहते. वारा वाटून घेता येतो. वजन वाटून घेता येत नाही. पुढे कोण आहे आणि मागे कोण आहे याला तेथे काही अर्थ उरत नाही. ज्याचा चढ त्यानेच चढावयाचा असतो.

अर्ध्या चढावर विद्यार्थ्याच्या पोटरीत गोळा आला. तो रस्त्याकडेला बसला. वेदनेपेक्षा लाजेने त्याचा चेहरा अधिक उतरला होता. "मला टेम्पोत बसवा. उद्या मी निपाणीहून परत जातो," तो म्हणाला. दंतवैद्याला ते पटले. एकासाठी दहाजणांचा दिवस मोडू नये, हा युक्तिवाद काही अगदीच टाकाऊ नव्हता. १९२३ साली मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलींवरून जगप्रदक्षिणेस निघाले. १९२८ साली ती पुरी करून परतले ते आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा हे तिघेच. गळती हा लांबच्या वाटेचा नियमच आहे. परंतु त्यांची वाट वर्षांची होती. आमचा तर पहिला दिवसही मावळला नव्हता.

अज्जा सायकलीवरून उतरले. लिंबाचे पाणी त्यांनी त्याच्या हाती दिले, पोटरी चोळली, आणि म्हणाले, "माझेही गुडघे बोलायला लागलेत. दोघं चालत जाऊ." गुडघे खरोखरच बोलत होते की नाही, याची उलटतपासणी मी घेतली नाही. एकटा चालणारा हा हरलेला दिसतो; दोघे चालू लागले की ते गप्पा मारीत चालले आहेत असे वाटते. टेम्पो रिकाम्या मनाने पुढे गेला.

आम्ही माथ्यावर थांबलो. कोणीतरी घड्याळ पाहू लागले, कोणी निघण्यासाठी सायकल वळवली, तोच फोंड्याचा गृहस्थ म्हणाला, "राव मरे!" त्याच वेळी दुसऱ्या बाजूने "थांब की रे" आणि "निल्लो मारायाऽ" असेही आले. तीन भाषांत तेवढा एकच शब्द आम्हा सर्वांना त्या दिवशी सारखा कळला.

थांबणे हा माझ्या व्यवसायाचा शब्द आहे. पण न्यायालयात त्याला तारीख म्हणतात, आणि त्यात कोणी कोणासाठी थांबलेला नसतो. ज्या प्रदेशातून आम्ही दिवसभर आलो, तो तर तारखांचाच प्रदेश. १ नोव्हेंबर १९५६ रोजी तो म्हैसूर राज्यात गेला, १९६७ साली महाजन आयोगाने निपाणी महाराष्ट्रास आणि बेळगाव म्हैसुरास अशी शिफारस केली, आणि २००४ साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा लावला. दावा लावून वीस वर्षे होऊन गेली. या प्रश्नावर आम्हा अकराजणांचे एकमत नाही; अज्जांचे मत आणि त्या विद्यार्थ्याच्या घरचे मत ही दोन टोके आहेत, हे मला ठाऊक होते. ती मते तवंदीच्या चढावर वितळली, असे काही मी म्हणणार नाही. मते माणसाच्या वजनासारखीच असतात. ज्याची त्यालाच वाहावी लागतात. परंतु माथ्यावर उभे राहून दुसऱ्याची वाट पाहावयास एकमत लागत नाही.

चाळीस मिनिटांनी ते दोघे वळणावर दिसले. मुलगा काहीतरी सांगत होता आणि अज्जा हसत होते. टाळ्या वाजवाव्यात असे एकाच्या मनात आले. दुसऱ्याने त्याचा हात धरला, हे फार बरे झाले. पाणी पिऊन, ब्रेक हाताशी ठेवून आम्ही उतार उतरलो. १९८१ साली ज्या महामार्गावर तंबाखूच्या भावासाठी शेतकरी ठाण मांडून बसले आणि पोलिसांच्या गोळीबाराला बळी पडले, त्याच महामार्गाने दिवेलागणीला आम्ही निपाणीत शिरलो.

मुक्कामाच्या भिंतीला सायकली टेकवल्यावर मी सवयीने त्या मोजल्या. अकरा होत्या. परतीच्या गाडीची चौकशी मुलाने केली नाही. सकाळी किती वाजता निघावयाचे, एवढेच त्याने विचारले, आणि अज्जांच्या सायकलीच्या मागच्या चाकात हवा भरू लागला.