बांधण्याआधीचा नकार

क्वेरी कशी चालवायची हे ठरवणारा प्लॅनर शेवटी एकच योजना हाती देतो. तिच्यापायी किती योजना रचून टाकून दिल्या, ते वापरणाऱ्याला दिसत नाही. मला मात्र पोस्टग्रेस या डेटाबेसच्या प्लॅनरवर काम करताना तेच खुपतं. दहा टेबलं जोडायची तर त्यांचे १०२३ गट संभवतात, आणि प्रत्येक गट जोडायच्या तऱ्हा अनेक. लहान गटांवरून मोठे गट बांधत जायची ही रीत १९७९ साली पॅट सेलिंजर आणि आयबीएममधल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडली. आजही तीच चालते.

नियोजन संपलं की त्यासाठी घेतलेली तात्पुरती मेमरी एकगठ्ठा मोकळी होते, मग एवढी काटकसर कशाला, असं पुष्कळजण म्हणतात. मला ते पटत नाही. पार्टिशन शेकड्यांनी असली, त्यांचे जोडीजोडीनं जॉइन लावले, की संपायच्या आधीच मेमरी भराभर फुगते. १७व्या आवृत्तीपासून एक्सप्लेन या आदेशाला मेमरीचा पर्याय दिला की नियोजनाला किती मेमरी लागली तो आकडा समोर येतो.

बऱ्याचदा गळती एका ओळीत असते. दोन जॉइनबाजूंच्या टेबलांचे बिटसंच एकत्र करायचे आणि त्या नव्या संचात तिसऱ्यातलं काही आहे का, हे पाहायचं. उत्तर हो किंवा नाही एवढंच. त्यासाठी जन्मलेला संच तसाच पडून राहतो. तिसरा संच दोन्ही बाजूंशी वेगवेगळा ताडून पाहिला तर उत्तर तेच येतं आणि एकही बाइट लागत नाही. अशी ओळ हजारो वेळा चालणाऱ्या लूपमध्ये असली की फरक डोळ्यांत भरतो.

मला सगळ्यात आवडते ती ९.२ आवृत्तीत आलेली पूर्वतपासणी. जॉइनचा पाथ, म्हणजे तो करायची एक संभाव्य तऱ्हा, बांधण्याआधीच त्याच्या खर्चाची खालची मर्यादा काढायची. तेवढ्यावरच तो हातातल्या पाथांपुढे हरत असेल तर तो बांधायचाच नाही. मर्यादा खरोखर खालची हवी, नाहीतर चांगली योजना दारातूनच परत जाईल.

बांधून झाल्यावर मोकळं करणं याहून अवघड. हरलेला पाथ पोस्टग्रेस सोडून देतो, पण इंडेक्सपाथला हात लावत नाही, कारण एखादा बिटमॅप पाथ त्याच्याकडे बोट दाखवत असू शकतो. म्हणून कुणाच्या पॅचमध्ये नवा पीफ्री, म्हणजे मेमरी सोडणारा कॉल, दिसला की ती वस्तू आणखी कोणाच्या हाती आहे, हे मी आधी शोधतो. आणि ती मुळात बनवायलाच हवी होती का, ते लिहिणाऱ्याला विचारतो.