मुलीला मंगळ आहे!

लग्नाच्या बाजारात माझी ओळख काय, माहितेय? वय २८, मास कॉम, फ्रीलान्स जर्नलिस्ट, पुण्यात भाड्याचा वन बीएचके... आणि 'मुलीला मंगळ आहे'. बाकीचं सगळं एका मिनिटात संपतं, मंगळावर मात्र अर्धा तास चर्चा. वर्षभरात तीन स्थळं याच मुद्द्यावर फिसकटली. एकाशी तर दोनदा कॉफीही झाली होती, छान जमत होतं. मग त्याच्या आईचा फोन आला आणि विषय संपला.

आता ज्याच्यामुळे लग्न अडतंय, त्याची माहिती काढायला नको? तर, मंगळ. व्यास सुमारे ६,८०० किलोमीटर, म्हणजे पृथ्वीच्या साधारण निम्मा. रंग लाल, कारण मातीतलं लोखंड गंजलंय. दिवस आपल्यापेक्षा जेमतेम चाळीस मिनिटांनी मोठा, वर्ष मात्र ६८७ दिवसांचं. अगदी जवळ येतो तेव्हाही साडेपाच कोटी किलोमीटर लांब! आपलं मंगळयान ५ नोव्हेंबर २०१३ ला निघालं आणि २४ सप्टेंबर २०१४ ला पहिल्याच प्रयत्नात तिथे पोचलं. इस्रोला मंगळ लाभला, बघा.

पत्रिकेचा हिशेब आणखी मजेशीर. बारा घरं. पहिल्या, चौथ्या, सातव्या, आठव्या किंवा बाराव्या घरात मंगळ असला की तुम्हाला मंगळ. बारापैकी पाच! म्हणजे तुमच्या ऑफिसात दर बारा जणांमागे साधारण पाच जण माझ्याच बोटीत.

आणि नवग्रह? रवी हा तारा, चंद्र आपला उपग्रह. राहू-केतू म्हणजे चंद्राची वाट सूर्याच्या वाटेला छेदते ते दोन बिंदू. उरले पाच. खरे ग्रह आठ. विल्यम हर्शेलनं १७८१ मध्ये युरेनस शोधला, म्हणून आपल्याकडे तो हर्षल. नेपच्यून १८४६ मध्ये आधी गणितात सापडला, मग दुर्बिणीत. आठवी आपली पृथ्वी, जिला पत्रिकेत कुणी विचारतच नाही. प्लूटो तर २००६ मध्येच यादीतून बाहेर पडला.

दिवाळीत गावी गेले होते, धाराशिव जिल्ह्यात, तुळजापूर तालुक्यात. लाइट गेली होती. माळवदावर बसून आजीला शनी दाखवला. तारे लुकलुकतात, तो शांत होता. तिला मंगळाचं सगळं सांगितलं. ती म्हणाली, ''बाहत्तरच्या दुष्काळात लगीन झालं माझं. घरात ज्वारी किती हाय तेवढं बघितलं. पत्रिका कुणी बघितली न्हाई.''

पुण्याला परतल्यावर आईला सांगितलं, बायोडेटातून पत्रिका काढ. ती अजून नीट बोलत नाहीये. तिची काळजी खोटी नाही, हे मला कळतं. पण पुढचा मुलगा मला भेटून नाही म्हणाला तर चालेल, मंगळाला भेटून नको!

जाता जाता शनीबद्दल. सूर्याभोवती त्याची एक फेरी सुमारे साडेएकोणतीस वर्षांची. भागिले बारा, एका राशीत साधारण अडीच वर्षं. तीन राशींची साडेसात. झाली साडेसाती! म्हणजे दीडेक वर्षानं मी शनीच्या कॅलेंडरनुसार एक वर्षाची होणार. पार्टी नक्की. मंगळवाल्यांना एंट्री फ्री!