माथेरानच्या वाटेवरील मधली पिढी

मुंबई-पुणें लोहमार्गावरील नेरळ स्टेशनांत उतरलें, कीं बाजूसच दोन फूट रुंदीचा एक चिमुकला रूळमार्ग दृष्टीस पडतो. सर आदमजी पीरभाय यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनीं तो बांधून १९०७ सालीं सुरू केला. सुमारें २० किलोमीटरांच्या ह्या वाटेवर कांहीं ठिकाणीं विसांस एक असा चढ आहे; आणि वळणें तर अशीं, कीं मागच्या डब्यांतील उतारूस आपलेंच इंजिन समोर दिसावें!

आरंभीं येथें जर्मन बनावटीचीं चार वाफेचीं इंजिनें होतीं. त्यांना वाटेंत पाणी पाजावें लागे. त्या स्थळाचें ‘वॉटर पाइप’ हें नांव अद्यापि कायम आहे. पुढें १९५५-५६ च्या सुमारास जर्मनींतीलच आर्नोल्ड युंग यांच्या कारखान्यांतून डीझेल इंजिनें आलीं. रेल्वेच्या दप्तरीं त्यांची संज्ञा ‘एनडीएम-१’. ‘एन’ म्हणजे दोन फुटी मार्ग, ‘डी’ म्हणजे डीझेल आणि ‘एम’ म्हणजे उतारू व माल या दोहोंच्या उपयोगाचें. मधोमध चालकाची खोली आणि तिच्या पुढें-मागें यंत्राचे पेटारे, असा त्यांचा थाट. वाफ धरेपर्यंत खोळंबणें नाहीं, कीं पाण्यासाठीं थांबणें नाहीं. कांहीं वर्षें दोन्ही प्रकार एकाच वाटेवर नांदले. १९८० नंतरच्या आरंभींच्या वर्षांत वाफेचीं इंजिनें निवृत्त झालीं.

त्या निवृत्तांचें भाग्य मात्र थोर! त्यांपैकीं एक दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयांत, एक खुद्द नेरळास, तर एक थेट इंग्लंडांत जपलेलें आहे. डीझेलाकडे तितक्या प्रेमानें कोणी पाहत नाहीं. घरांत आजोबांची तसबीर भिंतीवर लागते, नातवाचें कोडकौतुक होतें. पण ज्या मधल्या पिढीनें संसार ओढला, तिची आठवण कोणास राहत नाहीं, तसाच हा प्रकार. शिवाय वाफेचें इंजिन थंड पडलें तरी त्याचा बंब पाहून मुलेंही चकित होतात. डीझेलाचें सारें कौशल्य पत्र्याआड झांकलेलें. युंग यांच्या कारखान्यांतील इंजिनबांधणीही १९७६ सालीं थांबली. तेव्हां एका इंजिनाचे भाग काढून दुसऱ्यास बसविण्याचा मोह होणारच. तो आवरला नाहीं, तर अखेर एकही सबंध उरत नाहीं.

संस्कृतांत ‘योगक्षेम’ असा एक सुंदर शब्द आहे. न मिळालेलें मिळविणें तो योग, मिळालेलें राखणें तें क्षेम. योग पैशानें साधतो. क्षेमास आस्था लागते. कोंकणच्या पावसापासून रक्षण करणारें छप्पर, आंतील यंत्र दिसावें म्हणून उघडतां येणारें झांकण, जुने नकाशे आणि त्या इंजिनांवर हात काळे केलेल्या कामगारांचे अनुभव लिहून ठेवणें, एवढें झालें तरी पुष्कळ. यांपैकीं शेवटचें काम सर्वांत निकडीचें. कारण लोखंड गंजावयास वर्षें लागतात, माणसें तितकी वाट पाहत नाहींत.