डासाचा कान

डास मुके झाले आहेत, असा शोध मला यंदाच्या भाद्रपदात लागला. पाऊस सरता सरता आमच्या घाटंजीत वाघाडीच्या बाजूने डास उठतातच. पण यंदा ते नुसते चावत होते, गुणगुणत नव्हते. हा शोध मी सौभाग्यवतीच्या कानावर घातला. मच्छरदाणी खोचता खोचता ती म्हणाली, "डास तर रोजच्यासारखेच गातात. तुम्हालेच आयकू येत नाही!"

यवतमाळच्या डॉक्टरांनीही निकाल तिच्याच बाजूने दिला. डावा कान जवळजवळ गेला होता.

गेलेल्या वस्तूची किंमत माणूस मागाहून शोधू लागतो. मी डासांविषयी वाचू लागलो. ज्या गाण्याला आपण जन्मभर टाळी देतो आणि त्याच टाळीत गवई चिरडतो, ते गाणे आपल्यासाठी नसतेच मुळी! तो पंखांचा नाद. मादीचे पंख सेकंदाला सुमारे ४०० ते ६०० वेळा हलतात, नराचे त्याहून जलद. तिन्हीसांजेला घोंघावणारा थवा असतो नरांचा, म्हणजे उपवर मंडळींचा! मादी जवळ आली की तिच्या सुरावरूनच ते तिला ओळखतात. नराच्या मिशा पिसासारख्या झुपकेदार. त्यांच्या मुळाशी त्याचा कान. बाल्टिमोरच्या डॉक्टर क्रिस्टोफर जॉन्स्टन यांनी तो १८५५ साली दाखवून दिला. डेंग्यू पसरवणाऱ्या डासांची जोडी तर जवळ येताच पंखांचा वेग बदलून आपले उपस्वर एकमेकांशी जुळवते, तंबोरे लावावेत तसे. कॉर्नेल विद्यापीठातील संशोधकांनी २००९ साली हे ऐकले.

पण मी थबकलो तो २०२४ सालच्या एका प्रयोगापाशी. कॅलिफोर्नियात त्याच जातीच्या नरांतला एक जनुक निकामी करून त्यांना बहिरे केले आणि माद्यांसह एका पिंजऱ्यात तीन दिवस ठेवले. एकाही नराने जोडी जमवली नाही.

तीन दिवस! मी तर वर्षभर एका घरात तसाच वावरत होतो. वाती वळताना सौभाग्यवती गुणगुणते. अलीकडे तिने गाणे सोडले, असे मी धरून चाललो होतो. का सोडले, हे विचारलेही नव्हते.

त्या संध्याकाळी मी मुकाट्याने तिच्या डाव्या हाताला जाऊन बसलो. म्हणजे माझा उजवा कान तिच्याकडे झाला. तिने विचारले, "आज इकडे कसे?" मी पेळू तिच्यापुढे सरकवला. थोड्या वेळाने गुणगुण सुरू झाली.

मध्येच दुसरीही एक ऐकू आली. ती मात्र मी टाळीने थांबवली.