गती

आमच्या रत्नागिरीत सायकल चालवायची म्हणजे निम्मा रस्ता सायकलवर बसून आणि निम्मा तिला हाताशी धरून. माझी शाळा खालच्या गावात, घर वर मारुती मंदिराच्या बाजूला. सकाळचा उतार कसा संपतो ते कळत नाही. संध्याकाळचा चढ मात्र काही केल्या संपत नाही. चाळिशी उलटलेल्या माझ्या गुडघ्यांनी यंदा जाहीर तक्रार केली, तेव्हा मुलगी पुण्याला शिकायला गेल्यापासून पडून असलेली तिची गिअरची सायकल मी बाहेर काढली आणि तिला विजेची मोटर बसवून घ्यायचे ठरवले.

ज्याच्याकडे हे काम दिले तो माझा जुना विद्यार्थी. सातवीत माझ्या वर्गात होता, मागच्या बाकावर. त्याच्या प्रगतिपुस्तकात मी शेरा मारला होता, "गणितात गती नाही." त्याच्या दुकानाची पायरी चढताना तो शेरा मला दर वेळी आठवतो.

मागच्या चाकाच्या हबमध्येच बसवलेली 250 वॉटची मोटर आली. चाक नवे, पण त्यावर गिअर नव्हते. त्याने विचारले, "बाई, जुन्या चाकाच्या सात चकत्या काढून यावर चढवू?"

"आता मोटर ओढणार ना?" मी म्हणाले. "मग एवढा संसार कशाला? एकच चकती बसव."

"बाई, मला वाटतं..."

मी त्याच्याकडे वर्गातल्या नजरेने पाहिले. तो गप्प बसला आणि त्याने 18 दात्यांची एकच चकती बसवली. बाईंना उलट उत्तर द्यायचे नाही, हे मीच त्याला शिकवले होते!

पंधरा दिवस मी राणीच्या थाटात हिंडले. एवढेच, की सपाट रस्त्यावर मोटर वेगात आली की माझे पाय नुसतेच भिरभिरत. पायडल मारावे तर जोर कशालाच लागत नसे. मी म्हटले, बरेच झाले, तेवढीच विश्रांती.

मग श्रावणातल्या एका संध्याकाळी चढाच्या पायथ्याशीच बॅटरी संपली. भुरभुर पाऊस, टोपलीत चाळीस वह्या, आणि मोटर-बॅटरीसह 25 किलोच्या घरात गेलेली सायकल. पायडलवर उभी राहिले, तरी चाक हलेना. शेवटी ते धूड ढकलत घरी पोचले, तेव्हा निम्म्या वह्या भिजल्या होत्या आणि गुडघ्यांनी संप पुकारला होता.

दुसऱ्या दिवशी मी दुकानात गेले. "मी सांगत होतो," असे तो म्हणाला नाही. एक पुठ्ठा घेऊन त्याने पेन्सिलीने आकडे मांडले.

"बाई, ही मोटर चेन ओढत नाही. ती थेट चाकच फिरवते. चेन आणि मागच्या चकत्या तिच्या उपयोगाच्या नाहीतच; त्या फक्त तुमच्या पायांसाठी आहेत. पुढचं चक्र 42 दात्यांचं. मागे 14 ची चकती असली तर पायडलच्या एका फेऱ्यात चाकाचे तीन फेरे. चाकाचा एक फेरा म्हणजे साधारण दोन मीटर, म्हणजे सहा मीटर झाले. 28 ची असली तर दीडच फेरा, तीन मीटर. वाट निम्मी, म्हणून जोरही निम्मा. मोटर ताशी 25 किलोमीटरपर्यंत साथ देते. तिथं 14 वर मिनिटाला सत्तर फेरे मारावे लागतात, ते जमतात. तुमच्या 18 वर नव्वद लागतात. वेगात ती अपुरी आणि चढाला जड."

मी त्या पुठ्ठ्याकडे पाहत राहिले. सातवीतला गुणोत्तराचा धडा मी त्याला याच क्रमाने शिकवला होता. मात्र त्यात सायकल नव्हती.

एक चकती काढणेही सोपे नव्हते. मोटरचा आस जाड आणि वायर त्याच टोकातून बाहेर आलेली. नेहमीचा पाना आत शिरेना. त्याने रुंद भोकाचा पाना शोधला, वायरचा जोड सोडवून ती त्यातून ओवली आणि उलट्या दिशेने जोर लावला. नव्या आट्यांना ग्रीस चोपडले आणि सात चकत्यांचा जुना संच आधी नुसत्या बोटांनी फिरवला. "तिरका बसला तर आटे जातात. पुढं पायडल मारून मारून तो आपोआप घट्ट होतो." लहान चकतीवरची चेन फ्रेमला घासू नये म्हणून एक वायसर घातला. आसाच्या चपट्या बाजूंवर खाचेचे वायसर बसवले, नाहीतर मोटरच्या जोराने आसच फिरून वायर तुटली असती. शेवटी चेन आऱ्यांत पडू नये म्हणून गिअरचे बारीक स्क्रू लावले. तासभर तो माझ्याकडे पाहतही नव्हता. असे लक्ष माझ्या वर्गात त्याने कधी दिले नव्हते. की मीच कधी त्याच्यापुढे लक्ष लागेल असे काही ठेवले नव्हते?

पैसे देताना मी धीर केला. "तुझ्या प्रगतिपुस्तकात मी एक चुकीचं वाक्य लिहिलं होतं रे."

तो हसला. "ठाऊक आहे, बाई. ते वाचूनच आईनं पुढच्या महिन्यात मला इथं मामाच्या हाताखाली घातलं. चांगलं झालं म्हणा." आणि हात पुसत तो पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

चांगले झाले असेलही. पण ते माझ्यामुळे नव्हे, त्याच्यामुळे.

आता चढाचा शेवटचा टप्पा मी मोटर बंद करून 28 दात्यांवर चढते. माझ्या शेजारून चालणारी माणसे पुढे निघून जातात, पण मी उतरत नाही.

दिवाळीच्या सुट्टीपूर्वी सहामाहीची प्रगतिपुस्तके भरायला बसले. एका मुलीच्या गणिताच्या रकान्यापाशी हात जुन्या सवयीने चालू लागला आणि थांबला. बऱ्याच वेळाने मी लिहिले, "उदाहरण हाताळायला दिले की समजते. थोडा वेळ द्यावा." खाली सही केली.