नाव आणि अट

धंद्याचं नाव बाजारात रुजवणं हे माझं काम. या कामासाठी येणारा नवा उद्योजक बहुधा बोधचिन्हापासून सुरुवात करतो : रंग कोणता, अक्षर कसं, घोषवाक्य काय. हे प्रश्न खरे आहेत, पण त्यांची पाळी नंतर येते. आधी ठरवायला हवं ते हे की, विक्री घटली तरी आपण कोणती गोष्ट करणार नाही. ज्याच्याकडे याचं उत्तर असतं त्याचं नाव टिकतं, असं माझं ठाम मत आहे आणि त्याचा भक्कम पुरावा मला वर्धा-सेवाग्राम परिसरातल्या खादीच्या व्यवहारात दिसतो. खादीकडे आपण विचार म्हणून, चळवळ म्हणून पाहतो. पण ती खेड्यापाड्यांत तयार होऊन भांडारांत विकली जाणारी, मिलच्या स्वस्त कापडाशी टक्कर घेणारी वस्तूही होती. त्यामुळे बाजारातले सगळे पेच तिच्याही वाट्याला आले.

पहिला पेच नकलेचा. खादीला मागणी आली तशी काही गिरण्यांनी जाडंभरडं कापड खादी म्हणून विकायला काढलं. ठाण हातात घेतलेल्या गिऱ्हाइकाला त्यातलं सूत चरख्यावरचं की यंत्रावरचं, हे खात्रीनं कळणं कठीण होतं. 1925 मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारतीय चरखा संघाने यावर उपाय केला तो प्रमाणपत्राचा. संघाच्या अटी पाळणाऱ्या भांडारालाच प्रमाणित म्हणवून घेता येई. अट मोजक्या शब्दांत सांगता येण्याजोगी होती : सूत हाताने कातलेलं आणि कापड हातमागावर विणलेलं. मिलचं सूत हातमागावर विणलं तर ते हातमागाचं कापड झालं, खादी नव्हे. ‘शुद्ध’, ‘दर्जेदार’, ‘पारंपरिक’ असं कुणीही छापू शकतो, कारण तसं म्हणायला काही खर्च येत नाही. ज्या अटीचा खर्च नक्कल करणाऱ्याला झेपत नाही, तीच नावाचं रक्षण करते.

दुसरा पेच भावाचा, आणि तो अधिक अवघड. कातणाऱ्या बायांच्या हाती पडणारी मजुरी फारच तुटपुंजी होती. 1935 मध्ये गांधीजींच्या आग्रहावरून चरखा संघाने त्यांना निर्वाहापुरती मजुरी देण्याचं धोरण स्वीकारलं. त्याने खादी महागणार हे उघड होतं, आणि आधीच महाग असलेला माल आणखी महाग केला तर तो घेणार कोण, ही शंका संघातल्या कार्यकर्त्यांनाच होती. व्यापारी हिशेबाने ती रास्तही होती. पण खादी गरिबाच्या हाताला काम देते, हे सांगूनच ती विकली जात होती. तो हात उपाशी ठेवून भाव उतरवला असता तर काही काळ खप वाढलाही असता, मात्र खादी घेण्याचं कारणच उरलं नसतं. भाव कमी करताना आपण नेमकं काय कापतो आहोत, हे प्रत्येक व्यावसायिकाने तपासावं, ते यासाठी.

यावर आक्षेप येतो की, खादी गांधीजींच्या नावावर आणि स्वातंत्र्याच्या भावनेवर खपली. साध्या दुकानदाराने तिच्यापासून काय शिकावं? भावनेचं बळ मोठं होतं, हे मान्यच आहे. पण त्या भावनेचा फायदा नकली मालालाही मिळतच होता. अस्सल माल वेगळा काढला तो अटीने. स्वातंत्र्यानंतर खादी सरकारी सवलतीच्या आधाराने चालली, हेही खरं. तरी 1956 च्या खादी-ग्रामोद्योग आयोगाच्या कायद्यात खादीची व्याख्या हातसूत आणि हातमाग यांवरच उभी आहे, आणि 2013 मध्ये नियमांनी आलेलं खादी चिन्हही तेवढ्याचीच हमी देतं. सवलतीने माल खपतो. त्याची ओळख सवलतीतून येत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे : अटी वाढवत नेल्या तर गिऱ्हाईकच तुटेल. याचंही उदाहरण इथलंच. 1944 मध्ये सेवाग्रामात खादीच्या धोरणाचा नव्याने विचार झाला आणि पुढे खादी घेताना किमतीचा काही भाग सुताच्या रूपाने देण्याची अट आली. हेतू विक्रीचा नव्हता, लोकांनी स्वतः कातावं हा होता. त्या हेतूला ती साजेशी होती. धंद्याने मात्र यातून वेगळा बोध घ्यावा. अट आपल्या अंगावर घ्यायची असते, गिऱ्हाइकावर लादायची नसते. लाकडी घाण्याचं तेल विकणाऱ्याने तेलबी कोणती आणि तेल कधी गाळलं हे लिहावं, घाणा पाहू द्यावा; तेल घेणाऱ्याने घाणा ओढायची गरज नाही.

वर्ध्यात मगनवाडीला 1938 मध्ये सुरू झालेलं मगन संग्रहालय आजही आहे. ग्रामोद्योगाचा माल आणि तो घडवण्याची रीत लोकांपुढे मांडावी, ही त्यामागची दृष्टी. माल कसा होतो हे दाखवता येणं, हीच मला सर्वांत खात्रीची जाहिरात वाटते. म्हणून नवा धंदा काढणाऱ्याला माझं सांगणं एवढंच : आपली एक अट एका वाक्यात लिहा, ती गिऱ्हाइकाला तपासता येईल अशी ठेवा, आणि ती पाळायला लागणारा खर्च पहिल्या दिवसापासून किमतीत धरा. हा खर्च न धरता दिलेलं वचन पहिल्याच मंदीत मोडतं. बोधचिन्ह त्यानंतर काढा. तेव्हा त्याला सांगण्यासारखं काही असेल.